कट न म्हणता ३७ मिनिटं: एका झॉम्बीपटाचं प्रकरण

२३ जून २०१८ला तोक्योतल्या दोन लहान थिएटरांत एक झॉम्बीपट लागला. एक थिएटर शिंजुकूमधलं केज सिनेमा, जेमतेम ८४ खुर्च्यांचं. दुसरं इकेबुकुरोमधलं सिनेमा रोसा. पोस्टरवर ओळखीचा एक चेहरा नाही, दिग्दर्शकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, आणि एकूण खर्च साधारण ३० लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने १७-१८ लाख रुपये. वर्ष संपेपर्यंत फिल्म जपानभर तीनशेहून जास्त थिएटरांत लागून गेली होती आणि गल्ला ३०० कोटी येनच्या पुढे पोचला होता. खर्चाच्या हजारपट.

'वन कट ऑफ द डेड' हे तिचं जगभर चाललेलं नाव. जपानीत ती 'कॅमेरा ओ तोमेरुना!', म्हणजे 'कॅमेरा थांबवू नका!'

हजारपटीचा हा आकडा सगळेच सांगतात, आणि तो ऐकला की फिल्म करू पाहणारी कॉलेजची पोरं लगेच विचारतात, एवढे पैसे आले कसे? मला त्याच्या आधीच्या प्रश्नात जास्त रस आहे. हातात तुटपुंजे पैसे, नवखे नट आणि शूटिंगचे फक्त आठ दिवस असताना लिहिणाऱ्याने कागदावर काय केलं? कारण ही फिल्म कागदावरच जिंकलेली आहे. पुढे मी सगळं कथानक उघड करणार आहे. पाहिली नसेल तर आधी पाहून या, ९६ मिनिटांचीच आहे. एरवी मी कथानक फुटण्याचा बाऊ करत नाही, पण इथे करतो.

शाळा, फी आणि डझनभर नट

एनबू सेमिनार ही तोक्योतली अभिनय आणि सिनेमा शिकवणारी खासगी संस्था. तिच्या 'सिनेमा प्रोजेक्ट' या उपक्रमात ऑडिशनमधून निवडलेले नवे नट फी भरून येतात, दिग्दर्शकाबरोबर कार्यशाळा करतात आणि शेवटी त्यातून एक फिल्म उभी राहते. शिनिचिरो उएदाची ही फिल्म त्या मालिकेतली सातवी. उएदा १९८४चा, शिगा प्रांतातला. वर्षानुवर्षं मित्रमंडळी जमवून लघुपट करत आलेला, आणि एकट्याच्या नावावर थिएटरांत लागलेली पूर्ण लांबीची ही पहिलीच फिल्म. पैशाचा काही भाग लोकवर्गणीतून, म्हणजे क्राउडफंडिंगमधून, जमवलेला.

आता ही रचना लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहा. नट शिकायला आलेले आहेत आणि त्यांनी फी भरली आहे. म्हणजे दोघांना मोठं काम आणि बाकीच्या दहांना 'वाटसरू १', 'वाटसरू २' असं करून भागत नाही. प्रत्येकाला दाखवण्यासारखं काहीतरी हवं. शिवाय हे सगळे सफाईदार नट नाहीत. कुणी अडखळतो, कुणी जास्तच करतो, कुणाचा चेहराच मुळी घाबरट. उएदाने मुलाखतींत सांगितलंय की त्याने मुद्दाम अशीच, जरा अडाणी वाटणारी, पण अंगात काहीतरी वेगळं असलेली माणसं निवडली आणि मग भूमिका त्यांच्या अंगावर बेतून लिहिल्या. आधी पटकथा आणि मग तिला साजेसे नट, हा नेहमीचा क्रम इथे उलटा झाला.

आपल्याकडे हे नवं नाही. कॉलेजच्या एकांकिका वर्षानुवर्षं अशाच लिहिल्या जातात. यंदा ग्रुपमध्ये कोण आहे, कोणाचा आवाज खणखणीत, कोणाला नाचता येतं, कोण फक्त उभा राहिला तरी हशा येतो, हे पाहून लेखक लिहायला बसतो. फरक एवढाच, की तेच पोरगं फिल्म करायला घेतं तेव्हा ही सगळी अक्कल बाजूला ठेवतं आणि मोठ्या पडद्यासारखी 'प्रॉपर' पटकथा लिहू लागतं. तीत इन्स्पेक्टर असतो, डॉन असतो, चाळिशीतला बाप असतो, आणि तिन्ही भूमिका वीस वर्षांची पोरं मिशा चिकटवून करतात.

झॉम्बीच का

झॉम्बी हा गरिबाचा राक्षस आहे. त्याला संवाद नाहीत, त्याची वेशभूषा म्हणजे फाटका शर्ट, आणि पाय ओढत चालता येणारा कुठलाही मित्र त्या कामाला चालतो. त्याच्यावर कुणाची मालकीही नाही. जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून आजचा माणसं खाणारा झॉम्बी सुरू होतो. त्या फिल्मचं नाव प्रदर्शनाआधी बदललं, तेव्हा नव्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ टाकायचीच राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे तेवढ्या चुकीने फिल्म सार्वजनिक मालकीची झाली. कृष्णधवल असल्यामुळे तिच्यातलं रक्तही चॉकलेट सिरपने भागलं. स्वस्त झॉम्बीची परंपरा म्हणजे मुळापासूनच स्वस्त.

पण जे सगळ्यांना परवडतं ते सगळेच करतात. झॉम्बी आणि विनोद यांची जोडी तर इतकी वापरून झाली आहे की नुसत्या कल्पनेवर आता कुणी हसत नाही. मराठीतही 'झोंबिवली' २०२२मध्ये येऊन गेला. विद्यार्थ्यांच्या हाती झॉम्बी-कॉमेडी आली की बहुतेकदा एकाच ठिकाणी अडकते. भीती नीट जमत नाही, मेकअप ओघळतो, रक्त टोमॅटो सॉससारखं दिसतं, मग 'आम्ही मुद्दामच वाईट केलंय' असं म्हणून सुटका करून घ्यायची. मित्र हसतात. बाहेरचा प्रेक्षक दहाव्या मिनिटाला मोबाइल काढतो. मुद्दाम वाईट केलेली गोष्टही शेवटी वाईटच असते, ही अडचण या शैलीत कायमची आहे.

उएदाची फिल्म पहिली ३७ मिनिटं अगदी याच खड्ड्यात पडलेली दिसते.

पहिली ३७ मिनिटं

एक पडका कारखाना. प्रत्यक्षात ते इबाराकी प्रांतातल्या मितो शहरातलं बंद पडलेलं जलशुद्धीकरण केंद्र आहे. तिथे एक छोटं युनिट झॉम्बीपटाचं शूटिंग करतंय. दिग्दर्शक नायिकेवर खेकसतोय, तुझ्या डोळ्यांत खरी भीती नाही. मग खरे झॉम्बी येतात, युनिटमधले एकेक जण बळी पडतात, आणि दिग्दर्शक वेडा झाल्यासारखा 'कॅमेरा थांबणार नाही!' असं ओरडत सगळं टिपत राहतो. सगळं एकाच टेकमध्ये, कुठेही कट नाही.

आणि सगळं थोडं बिघडलेलं. झॉम्बी येणार असं वाटतं, पण येत नाही, आणि तिघं पात्रं गप्प बसून राहतात. मग मेकअप करणारी बाई, नाओ तिचं नाव, काहीतरी विचारायचं म्हणून छंदांची चौकशी सुरू करते. स्वतःचा छंद सांगते स्वसंरक्षण, आणि मागून कुणी पकडलं तर कसं सुटायचं हे 'पोम!' म्हणत करून दाखवते. पुन्हा शांतता. बाहेर धाडकन आवाज. 'काय झालं?' असं कुणीतरी नको इतकं उशिरा विचारतं. ध्वनिमुद्रण करणारा अचानक दाराकडे पळत सुटतो. एके ठिकाणी कॅमेरा जमिनीवर पडतो आणि कितीतरी वेळ तसाच आडवा राहतो, जणू उचलायला कुणी उरलंच नाही. थोड्या वेळाने तो उठतो, आणि आता मात्र सारखे झूम मारू लागतो. दिग्दर्शक तर थेट लेन्सकडे वळून बोलतो.

मी ही फिल्म पहिल्यांदा मित्रांबरोबर पाहिली तेव्हा आमच्यातला एक जण, तोही एडिटिंग करणारा, विसाव्या मिनिटाला म्हणाला, 'अरे, हे लोक तालीम करत नाहीत का?' नंतर तासाभराने सर्वांत जोरात तोच हसत होता.

आणि मग एक महिना आधी

श्रेयनामावली वर सरकते. फिल्म संपली असं वाटतं. मग पाटी येते: एक महिना आधी.

आता कळतं की तो वेडा दिग्दर्शक म्हणजे हिगुराशी नावाचा साधा, पडखाऊ माणूस आहे. टीव्हीसाठी घटनांची नाट्यरूपांतरं काढतो. स्वतःची जाहिरात तो अशी करतो: झटपट, स्वस्त आणि दर्जा बरा. नव्याने निघालेल्या झॉम्बी चॅनेलला उद्घाटनाचा कार्यक्रम हवाय, तोही थेट प्रक्षेपण, आणि तोही एका टेकमध्ये. शहाणे लोक नाही म्हणतात. हिगुराशी हो म्हणतो.

मधला हा भाग पूर्वतयारीचा आहे, आणि वरवर पाहता किरकोळ. एका नटाचं पोट नाजूक, त्याला ठराविक पाणीच चालतं. दुसरा दारूडा. नायक प्रत्येक ओळीमागचं तर्कशास्त्र विचारणारा. नायिका लाडिक, आणि तिच्या एजन्सीला हे चालत नाही, ते चालत नाही. हिगुराशीची बायको जुनी नटी, पण भूमिकेत शिरली की बाहेर येत नाही म्हणून तिने काम सोडलंय आणि घरी टीव्ही पाहून स्वसंरक्षण शिकते. मुलगी दिग्दर्शक व्हायच्या नादात सेटवर सगळ्यांशी भांडून बसलेली. प्रक्षेपणाच्या दिवशी दिग्दर्शक आणि मेकअपबाई अशा भूमिका करणारे दोघं नट गाडीच्या अपघातामुळे पोचतच नाहीत. त्या भूमिकांत आयत्या वेळी उभे राहतात हिगुराशी आणि त्याची बायको.

शेवटचा भाग म्हणजे तीच ३७ मिनिटं, पण विंगेतून पाहिलेली. छंदांच्या गप्पा का लांबल्या? ज्या नटाने त्या वेळी झॉम्बी होऊन आत यायचं, तो दारू पिऊन लुढकलाय, आणि चार जण त्याला उभं करतायत. त्याने आत येऊन केलेली ओकारी खरी आहे. ध्वनिमुद्रक झालेला तो नाजूक पोटाचा नट पळाला, कारण चुकीचं पाणी पिऊन त्याचं पोट बिघडलं. कॅमेरा पडून राहिला, कारण पाठीचं दुखणं असलेला कॅमेरामन कोसळला, आणि झूम सुरू झाले, कारण कॅमेरा आता त्याच्या असिस्टंटच्या हातात आहे. तिला केव्हापासून असे झूम मारायचे होते आणि तो नाही म्हणत होता. 'पोम!' हा पूर्ण हताशेतून आलेला शब्द आहे, आणि नंतर बायको खरोखरच भूमिकेतून बाहेर येईना, तेव्हा तोच शब्द सगळ्यांना महागात पडतो.

पहिल्या भागातली प्रत्येक खोट शेवटच्या भागात खुलासा म्हणून परत येते. खोट जितकी ढोबळ, हशा तितका मोठा.

माझं म्हणणं एवढंच आहे: उएदाने गरिबी लपवली नाही आणि गरिबीची टिंगलही केली नाही. गरिबीला त्याने कारण दिलं. स्वस्त मेकअप, अडखळता नट, रटाळ शांतता, हलता कॅमेरा, हे सगळं पडद्यावर येणारच होतं. ते येणार हे गृहीत धरून त्याने आधीच त्याची गोष्ट लिहून ठेवली. 'मुद्दाम वाईट' आणि 'कारणाने वाईट' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात प्रेक्षक नटाला हसतो. दुसऱ्यात तो नटाच्या बाजूने उभा राहतो, कारण पडद्यामागे तो माणूस काय करून हे निभावतोय, हे त्याला दिसलेलं असतं.

याचा पुरावा शेवटच्या शॉटमध्ये आहे. नायिका रक्ताने रेखलेल्या चांदणीत उभी, कॅमेरा वर वर जातो, असा क्रेनचा शॉट पटकथेत आहे. क्रेन मोडते. निर्माता म्हणतो, सोडून द्या, कुणाला कळणार नाही. आणि खरंच, चॅनेलच्या बाईंना खाली काय महाभारत चाललंय याचा पत्ताच नाही, त्या मजेत आहेत. मुलीला बापाच्या पटकथेत एक जुना फोटो सापडतो, लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसलेली. मग युनिट, झॉम्बी, नट, सगळे एकमेकांच्या पाठीवर चढून माणसांचा मनोरा रचतात आणि कॅमेरा वर नेतात. पहिल्या भागात हाच शॉट पाहताना तो किंचित डगमगलेला असतो आणि आपण मनात म्हणतो, एवढासुद्धा नीट जमला नाही. आता त्या डगमगण्यातली प्रत्येक पाठ आपल्याला ओळखीची असते. थिएटरमध्ये लोक टाळ्या वाजवतात ते इथे. दहीहंडी पाहत वाढलेल्या माणसाला तर हा प्रसंग समजावून सांगायची गरजच नाही.

एक टेक स्वस्त नसतो

एका टेकची भुरळ विद्यार्थ्यांना फार. कट नाही म्हणजे एडिटिंग नाही, लायटिंग एकदाच, असा हिशोब मांडला जातो. तो अर्धाच खरा आहे. टेक लांबला की पैशाचा खर्च कमी होतो आणि तालमीचा वाढतो. ३७ मिनिटांत पस्तिसाव्या मिनिटाला कुणी ओळ विसरला, तर आधीची पस्तीस मिनिटंही गेली. शिवाय झॉम्बीपटात प्रत्येक टेकनंतर रक्त पुसायचं, कपडे बदलायचे, तुटलेले हात पुन्हा जागेवर ठेवायचे. उएदाच्या चमूने हा टेक सहा वेळा केला. ज्यांना तीन अंकी नाटकाची सवय आहे त्यांना हे जमू शकतं. ज्यांनी फक्त रील केल्या आहेत त्यांनी आधी पाच मिनिटांचा एक प्रवेश न थांबता करून पाहावा.

नशिबाचाही एक हात असतो. शूटिंगमध्ये एकदा रक्ताचे शिंतोडे थेट लेन्सवर उडाले. हे ठरलेलं नव्हतं. कॅमेरामनने चालत्या टेकमध्येच लेन्स पुसली आणि पुढे गेला. तो क्षण फिल्ममध्ये तसाच आहे, आणि तो खटकत नाही, कारण या फिल्मच्या चौकटीत असा अपघात बसतो. दुसऱ्या एखाद्या फिल्ममध्ये तोच टेक वाया गेला असता. आराखडाच असा की अपघात आत घेता येतात. बिनपैशाच्या शूटिंगला याहून मोठा विमा नाही.

शेवटच्या श्रेयनामावलीत तिसरा पदर उलगडतो: खऱ्या युनिटने तो टेक कसा घेतला त्याची दृश्यं. पडद्यावरच्या कॅमेरामनच्या मागे धावणारा खरा कॅमेरामन, मधेच पाण्याचा घोट घेणारा. हिगुराशी झालेला ताकायुकी हामात्सु, त्याची बायको झालेली हारुमी शुहामा, सगळे तिथेही तेवढेच घामाघूम. खोट्या धावपळीखाली खरी धावपळ निघते, आणि आपण दीड तास जे पाहिलं ते बऱ्याच अंशी घडलेलंच होतं, हे लक्षात येतं.

जिथे ही युक्ती उलटू शकते

या रचनेचा धोका उघड आहे. प्रेक्षकाला ३७ मिनिटं कच्चं काहीतरी पाहायला लावायचं आणि खुलासा नंतर करायचा. थिएटरात हे चालतं. तिकीट काढलंय, दार बंद आहे, शेजारच्याने 'शेवटपर्यंत थांब' असं बजावलंय. घरी रिमोट हातात असलेला माणूस तितका उदार नसतो. त्यामुळे ही युक्ती उचलून यूट्यूबसाठी बारा मिनिटांची फिल्म करायला निघालेल्या पोरांना मी प्रमाण बदलायला सांगतो. कच्चा भाग दोन-अडीच मिनिटांच्या वर नको.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोटीची जात. उएदाच्या पहिल्या भागातल्या खोटी नुसत्या कंटाळवाण्या नाहीत, त्या विचित्र आहेत. मधेच पळून जाणारा माणूस, नको तिथे 'पोम!', आडवा पडलेला कॅमेरा. प्रेक्षक वैतागतो, पण मनाच्या कोपऱ्यात नोंद करतो. नुसत्या सपाट अभिनयाची नोंद कुणी करत नाही, आणि ज्याची नोंद झाली नाही त्याचा खुलासा केला तरी हसू येत नाही. ही फिल्म नक्कल करायला सोपी दिसते आणि करायला बसलं की अवघड जाते, ती इथे. जपानच्या ४२व्या अकादमी पारितोषिकांत, २०१९मध्ये, या फिल्मला संकलनाचं पारितोषिक मिळालं. एका टेकसाठी गाजलेल्या फिल्मला संकलनाचं! पण ते योग्यच होतं.

प्रदर्शन

नोव्हेंबर २०१७मध्ये केज सिनेमात फिल्मचे सहा दिवस खेळ झाले. ते तोंडी प्रसिद्धीवर भरले. मग जपानमधल्याच युबारीच्या चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांचं पारितोषिक, आणि एप्रिल २०१८मध्ये इटलीतल्या उदिने इथल्या फार ईस्ट फिल्म फेस्टिव्हलमध्ये प्रेक्षकांच्या मतदानात दुसरा क्रमांक. जूनमध्ये नियमित प्रदर्शन सुरू झालं तेव्हा नट स्वतः थिएटरात येऊन खेळानंतर प्रेक्षकांना भेटत. स्टार नसण्याचा हा एक फायदा, त्यांना वेळ होता. मोठा वितरक ऑगस्टमध्ये आला, लोक रांगेत उभे राहिल्यानंतर. 'गोष्ट सांगू नका, फक्त बघा' हीच जाहिरात. जिचं कथानक सांगता येत नाही अशी फिल्म लोक जास्त हिरीरीने इतरांच्या गळ्यात मारतात, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

श्रेयाचा वाद

आता या प्रकरणातली कमी सांगितली जाणारी बाजू. फिल्म गाजत असतानाच, ऑगस्ट २०१८मध्ये, र्‍योइची वादा या नाट्यदिग्दर्शकाने जाहीरपणे आपलं म्हणणं मांडलं. त्याच्या 'पीस' या नाट्यसंस्थेने आधी केलेल्या 'घोस्ट इन द बॉक्स!' या नाटकाचा सांगाडा फिल्मशी मिळताजुळता होता. उएदाने ते नाटक पाहिलेलं होतं आणि त्यावरून सुचल्याचं तो नाकारतही नव्हता. प्रश्न होता 'सुचलं' कुठे संपतं आणि 'मूळ कृती' कुठे सुरू होते हा. फेब्रुवारी २०१९मध्ये दोन्ही बाजूंचा समझोता झाला आणि मूळ कल्पनेचं श्रेय वादा आणि उएदा यांच्या नावे संयुक्तपणे द्यायचं ठरलं.

मी कुणाचीही बाजू घेत नाही. पण वेळ लक्षात घ्या. फिल्म ८४ खुर्च्यांपुरती राहिली असती, तर हा प्रश्न बहुधा एखाद्या चहाच्या टेबलावर मिटला असता. ३०० कोटी येननंतर तो मासिकांत गेला. हौशी कामात आपण कागद करत नाही, कारण मिळायचंच काही नसतं. 'आपल्याच ग्रुपमधला आहे', 'सरांचीच कल्पना होती, ते काही म्हणणार नाहीत', अशा भरवशावर एकांकिकेची फिल्म होते आणि लघुपटाची वेबमालिका. कल्पना कोणाची, संवाद कोणाचे, पुढे पैसे आले तर कुणाला किती, हे एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करायला अर्धा तास लागतो. तो शूटिंगच्या आधीच काढावा, कारण नंतर कुणाचा आवाज तितका शांत राहत नाही.

याच धाग्यातली दुसरी गोष्ट मला बोचते. नटांनी फी भरून काम केलं. शिक्षण म्हणून ते रास्त आहे, आपल्याकडच्या अभिनय शिबिरांतही तसंच चालतं. पण शिकवणीत तयार झालेली वस्तू बाजारात विकली गेली, की ती शिकवणी राहते का? शिबिराअंती 'विद्यार्थ्यांची फिल्म' काढून ती ओटीटीला देण्याची स्वप्नं बघणाऱ्या संस्थांनी याचं उत्तर प्रवेशाच्या फॉर्मवरच छापावं.

पुढे

परदेशी निर्मात्यांनी ही गोष्ट उचलणं अटळ होतं. मिशेल हाझानाविसियूसने फ्रेंचमध्ये केलेल्या 'कूपे!' या आवृत्तीने २०२२चा कान महोत्सव सुरू झाला. रोमँ ड्युरिस, बेरेनिस बेजो असे नावाजलेले नट, व्यवस्थित पैसा, तोच सांगाडा. ती फिल्म वाईट नाही. पण तिथे सराईत नट चुका करण्याचा अभिनय करतात आणि सराईत कॅमेरामन कॅमेरा पाडतो, हे डोक्यातून जात नाही. श्रेयनामावलीखालचा तो तिसरा पदर विकत आणता येत नाही.

तोच पदर उएदाच्या चमूने मात्र पुन्हा एकदा दाखवला. २०२०च्या वसंतात कोरोनामुळे जपानमधली शूटिंग थांबली, माणसं घरात अडकली. १ मे २०२०ला या मंडळींनी यूट्यूबवर अर्ध्या तासाच्या आतली एक फिल्म फुकट टाकली, नाव 'रिमोट मोहीम' अशा अर्थाचं. गोष्ट अशी: हिगुराशीला पुन्हा एकदा कुणी शहाणा माणूस घेणार नाही असं काम मिळतं. घटनांवरची नाट्यमालिका करायची, पण कुणीही कुणाला भेटायचं नाही. नट आपापल्या घरी, आपापल्या फोनवर, स्वतःचं शूटिंग स्वतःच करतात. भिंतीचा रंग जुळत नाही, नजर एकमेकांत मिळत नाही, आवाज मागे-पुढे होतो. हिगुराशी या वेळीही हो म्हणतो.